जल वगळून

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सांगली, ता. ६ मे १९७६

चि. जिनपाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

दुकान सुरू झाल्याचं तुझं कार्ड पोचलं. सातारचा उन्हाळा सांगलीपेक्षा सोसवतो म्हणतोस, बरं वाटलं. त्रिशलाला म्हणावं, नव्या गावात पहिले चार महिने शेजारी उसनं मागायला जायचं नाही, आणि कुणी आलं तर वाटीभरावर द्यायचं नाही.

आम्ही अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर घरात आलो. आधी बस्तीत जाऊन दर्शन घेतलं, मग दूध उतू घातलं. चौदा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. अण्णांनी बांधलेल्या घराच्या उंबऱ्यातून मालकीण म्हणून आत जाताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. तू हसशील.

आता भांडते. घर देताना तू म्हणाला होतास, "अक्का, भिंतीला लागलंय ते तुझं, हातानं उचलतंय ते माझं." मी ते वहीत तसंच लिहून ठेवलं होतं. वही घेऊन घरभर फिरले. दिव्यांचे होल्डर भिंतीलाच होते की रे! एकूण एक काढून नेलेस, वायरी लोंबत आहेत. झोपाळ्याची फळी उचलते हे मान्य, पण कड्या तुळईतल्या. माळ्याच्या फळ्या नाहीत. आणि न्हाणीच्या दाराची कडी? ती कुठल्या दुकानात लावलीस? तुझे दाजी आत गेले की आम्हाला कळावं म्हणून मोठ्यानं खोकत बसतात. काल म्हणाले, "भिंती ठेवल्या मेव्हण्यानं, उपकार झाले." मी त्यांना गप्प केलं. नवं दुकान मांडायचं तर खिळासुद्धा विकत घ्यावा लागतो, हे मला कळतं.

ठेवून गेलास ते असं: तुझ्या शाळेच्या पुस्तकांचं खोकं, चाक नसलेली सायकल, आणि आई. "बस्तान बसलं की दोन महिन्यांत नेतो" म्हणालास. घाई करू नकोस. लेकीच्या घरी राहते म्हणून तिला फार अवघड वाटतं. मी म्हटलं, "तू कुठं माझ्याकडं आलीस? तू आहेस तिथंच आहेस, मीच तुझ्याकडं आले." तेव्हा कुठे हसली. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो, पण घर पाठ आहे.

विचारायचं एकच. विहिरीवरचा रहाट दिसत नाही. चुकून तुमच्या ट्रकमध्ये चढला असेल तर एस.टी.च्या पार्सलनं पाठव, इथं मी सोडवून घेईन. तोवर मी दोर हातानं ओढते. आईचा नियम तुला माहीत आहे. मुनिमहाराजांपुढे घेतला त्याला चाळीस वर्षं झाली. विहिरीचंच पाणी, गाळून, आणि फडक्यावर अडकलेल्या जिवांची जिवाणी त्याच विहिरीत परत. घर बघताना मी खोल्या मोजल्या नव्हत्या, आधी विहिरीत वाकून पाहिलं होतं. पाटल्या मोडल्या त्याही विहिरीसाठीच.

त्रिशलाला आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझी अक्का,
चंदनबाला

◆

सांगली, ता. १९ मे १९७६

चि. जिनपाल यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. रहाट कुठे आहे ते मला कळलं. शेजारच्या नानासोंच्या पडवीत.

परवा सकाळी आपल्या परड्यात चार गडी लोखंडी खांब पुरत होते. नानासो खुर्ची टाकून बसलेले, सुभेदार होऊन आले तरी पायात अजून मिलिटरीचे बूट. मी विचारलं, "नानासो, हे काय चाललंय?"

"कुंपान घालतोय ताई. हीर उघडी हाय, लेकरूबिकरू पडायचं."

"आमच्या विहिरीची काळजी तुम्ही कशाला घेता?"

ते हसले. मी चेष्टा करते असं वाटलं त्यांना. मग माझं तोंड बघून उठून उभेच राहिले. "आवं ताई, हीर माजी हाय. फागणातच कागूद झालाय. तुमच्या भावानं सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

मला त्यांच्या घरी नेलं. हरणाबाईंनी ताक पुढे ठेवलं. नानासोंनी बिस्किटाच्या डब्यातून कागद काढला आणि मी उभ्या उभ्या वाचला. विहीर, भोवतीची पाच-पाच हात जागा, आणि पाण्याचा सगळा हक्क. खाली तुझी सही, जि ची वेलांटी लांबवून करतोस तीच. त्यांना बर्फाचा कारखाना काढायचा आहे. बर्फ आणि आइसकांडी. मोटार आलीसुद्धा.

जिनू, इथवर मी समजून घेतलं असतं. त्याच्या खालची ओळ मी तीनदा वाचली. "सदर विहिरीत लिहून देणार अगर अन्य कोणीही इसमाने कोणतीही वस्तू टाकू अगर सोडू नये." हे तू लिहून दिलंस. लहानपणी आईच्या मागे जिवाणीची बादली धरून तूच उभा राहायचास. ती तळाची दोरी ओढून बादली पाण्यात अलगद उलटी करायची तेव्हा तू वाकून विचारायचास, "गेले का गं सगळे घरी?"

मी नानासोंना समजावलं. पाणी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर राहिलेले जीव मरू द्यायचे नाहीत, ज्या पाण्यातले त्या पाण्यात सोडायचे, इतकंच.

"पाणी न्या की!" ते म्हणाले. "दोन घागरी न्या, चार न्या. म्या काय राक्षस हाय का? पर परत काय सोडायचं न्हाई बगा. लायसनचा साहेब तपासणीला येनार हाय."

"बाहेरचं काही नाही हो. त्याच पाण्यातलं त्याच पाण्यात."

"ते तुमाला-मला कळतंय. सायबाला कोन सांगनार?"

हरणाबाई मध्येच म्हणाल्या, "जीव म्हंजी किडं का वो?"

मी म्हटलं, "हो, बारीक, डोळ्यांना न दिसणारे."

"आगं बया! आनि त्ये आमी आइसकांडीत घालनार व्हय!"

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. वाईट मनानं हसल्या नाहीत, पण मी ताक अर्ध्यावर सोडलं. पेला ठेवून आले.

आईला काही सांगितलेलं नाही. तुझं काय म्हणणं आहे ते उलटटपाली कळव.

चंदनबाला

◆

सांगली, ता. १४ जून १९७६

जिनपाल यास,

तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. "अक्का, खरेदीपत्र सगळ्यांदेखत वाचून दाखवलं होतं. तू समोर बसली होतीस. तेव्हा एक शब्द बोलली नाहीस." हे वकिलानं सांगितलं की तुझं तुला सुचलं?

माझं लक्ष नव्हतं. कचेरीबाहेर किती गर्दी होती तुला माहीत आहे. बॉण्डरायटर गाडी सुटल्यासारखा वाचत होता, ऊन तोंडावर येत होतं, आईला घरी एकटी सोडून आले होते. आणि वाचणाऱ्याकडे लक्ष कोण देतं? घर परक्याचं नव्हतं, भावाचं होतं.

आता वाचलं. आमच्या जुन्या घरमालकांकडे जाऊन त्यांचंही खरेदीपत्र मागून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. त्यांच्यात लिहिलंय, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप यांसह." सगळ्यांच्यात तसंच असतं म्हणे, बॉण्डरायटरला तोंडपाठ असतं. माझ्यात "तरू"पासून सुरुवात. पुढे दोन ओळींवर, "विहीर व तीतील जल वगळून." गवत माझं, दगड माझे, जमिनीत पुरलेलं कुणाचं धन सापडलं तर तेही माझं. पाणी तेवढं नाही.

तुझे दाजी कोर्टात जाऊ म्हणतात. मी नको म्हटलं. भावाबहिणीची नावं कोर्टाच्या दारात पुकारलेली आईच्या कानांवर गेली तर?

रोज पहाटे मी बस्तीच्या विहिरीवर जाते. पाऊण मैल. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. तिथंच गाळते, जिवाणी तिथंच सोडते. आईला वाटतं मी परड्यातून येते. एकदा म्हणाली, "लय वेळ लावतीस गं." मी म्हटलं, "विहिरीशी बोलत बसते." खोटं बोलायचं नाही हा माझाही नियम होता.

नानासो भला माणूस आहे. मी पुन्हा गेले होते. ते म्हणाले, "त्या कागदावर तुमच्या भावाची सही हाय. त्येनं येऊन एक ओळ लिवून द्यावी, म्हातारीपुरती एक बादली सोडायची मुभा. म्या सही करतो. सायबाला काय सांगायचं ते माजं मी बगीन." फक्त तू आल्याशिवाय ते होणार नाही म्हणतात, नुसत्या पत्रावर त्यांचा भरवसा नाही. तुझ्या पत्रावर माझाही राहिला नाही, पण ये. सकाळच्या गाडीनं निघालास तर संध्याकाळी परत दुकानात असशील. पैसे नको, विहीर परत नको. एक दिवस दे.

चंदनबाला

◆

सांगली, ता. ३० जुलै १९७६

जिनपाल,

दीड महिना वाट पाहिली. तुझ्याऐवजी त्रिशलाचं कार्ड आलं. "त्यांना दुकानातून हलता येत नाही. आईंना आता नळाचं पाणी द्यावं, सातारला आम्ही सगळेच पितो, काही होत नाही." तिच्यावर माझा राग नाही. तिनं लिहिलं ते तू शेजारी बसून सांगितलंस. "हलता येत नाही" हे तुझे शब्द आहेत.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. आलास तर आईपुढे बसावं लागेल.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. ती आज सुधारते, कारण तुला एकट्याला दोष देऊन झोप लागत नाही.

मी ऐकलं होतं.

ती चैत्र वद्य अष्टमी होती. अष्टमीला माझं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन असतं, हे तुला माहीत होतं. नऊ वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. कागदाचा दिवस तू ठरवलास तेव्हा मी म्हटलं होतं, "गुरुवार नको, माझं मौन आहे." तू हसलास. "अक्का, तुला कुठं भाषण करायचंय? सही तर करायची."

बॉण्डरायटर "तरू, तृण" म्हणाला तेव्हाच मी मान वर केली. मग "जल वगळून" आलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघतच होतास, आधीपासून. तू हात थोडासा वर केलास, थांब, नंतर सांगतो, अशा अर्थानं. तुझे दाजी पान खायला बाहेर गेले होते. बॉण्डरायटरनं विचारलं, "लिहून घेणार, कबूल ना?" मी बोलले असते तर मौन मोडलं असतं. कागद हातानं बाजूला सारता आला असता. त्याला शब्द लागत नाही. मी मान हलवली आणि सही केली.

का केली ते नुसत्या मौनावर ढकलत नाही. चौदा वर्षं दुसऱ्याच्या न्हाणीत नंबर लावून आंघोळ केली मी. मला ते घर हवं होतं. मी विचारलं असतं तर त्या दिवशी कागद झाला नसता, आणि पुढे कुणी सांगावं. माझ्या मनात आलं, भाऊ आहे, काहीतरी सोय केली असेल. तुझा तो वर केलेला हात मी सबब म्हणून घेतला. घरी येताना टांग्यात तू नंतर सांगशील म्हणून वाट पाहिली. सूर्य मावळल्यावर माझं तोंड मोकळं झालं तेव्हा तू निघून गेला होतास, ट्रक ठरवायला.

मी माझा नियम सांभाळला आणि आईचा टांगणीला लावला. हे माझं. पण जिनू, दिवस तू निवडलास. जी बहीण त्या दिवशी बोलणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं, तिला तू त्या दिवशी नेलंस. नानासोंना पाणी विकलंस ते मी गरज म्हणून सोडून देईन. हे कसं सोडू?

अजूनही ये. आठ दिवसांत ये. पावसानं रस्ता निसरडा झालाय, मला आता दोन घागरी झेपत नाहीत.

चंदनबाला

◆

सांगली, ता. २ सप्टेंबर १९७६

सोमवारी बस्तीच्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला. घागर गेली, पाय मुरगळून घोट्यापाशी टम्म सुजला. डॉक्टरांनी पंधरा दिवस जमिनीला टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. तुझे दाजी दोन दिवस घागर घेऊन गेले, पण हळदीच्या सौद्यांना पहाटेच हजर व्हावं लागतं, अडत्यानं तिसऱ्या दिवशी सुनावलं. बस्तीत दशलक्षण पर्व सुरू झालंय, बायकांची रीघ आहे. मी ठरवलं, त्यांना सांगायचं. दहाजणी आहेत, रोज एकीनं घागर आणली तरी पुण्याचं काम म्हणून आनंदानं करतील.

हे आईला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. मी तिच्या खाटेपाशी सरकत गेले. तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "चंदन, पाणी बस्तीचं आणतीस न्हवं?"

मी खाटेचा काठ धरला.

"मचूळ लागतंय. आनि दिसभर मोटार चालतीया परड्यात. आपल्या हिरीवर मोटार कवा बसली?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"आलीस त्या म्हयन्यापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हून वाट बघत हुते."

मी सांगितलं. नानासोंचा कागद, ती ओळ, अष्टमी, तुझा हात, माझी मान. काही ठेवलं नाही. ती ऐकत राहिली. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या आवाजाच्या थोडे बाजूला होते. मला वाटलं आता मला बोल लावेल, नाहीतर तुला. तिनं विचारलं, "बस्तीत कुणाला ठावं हाय का?"

"अजून नाही. आज सांगणार आहे. बायका पाणी आणून देतील."

"नगं."

"अगं, त्या आनंदानं..."

"त्या इचारतील. दारात हीर असताना बस्तीचं पाणी का? मग जिनूचं नाव निघंल. पर्वाचे दिवस, सगळी बस्ती गोळा झालेली. जिनपालनं बापाची हीर इकली, आईचा नेम मोडला, असं पोरं-टोरं बोलतील."

"बोलू देत! खोटं आहे का?"

"नळाचं आण," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, चाळीस वर्षं."

"नेम माजा हाय. मोडला तर माजा मोडंल, त्याचं प्राचित्त म्या घीन. त्येचं नाव गेलं तर कुनी आनून दील का?"

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. घर कुणासाठी घेतलं म्हटलं, घागरी कुणासाठी वाहिल्या, तो एक दिवस येऊ शकला नाही आणि तू त्याच्यासाठी व्रत सोडतेस? ती म्हणाली, "तू हायस की हितं. तुजं काय जातंय?" ते मला किती लागेल हे तिला कळलं नाही. खरंच कळलं नाही तिला. तिनं हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि कुरवाळलं.

संध्याकाळचे पाच वाजले होते. भिंतीला धरून नळापाशी गेले. सवयीनं दुहेरी फडकं कळशीच्या तोंडावर बांधलं, पाणी गाळलं, फडकं सोडलं. आणि ओलं फडकं हातात घेऊन उभी राहिले. ते कुठे सोडायचं? नळाच्या पाण्याला परत जायला जागाच नाही. आतून हाक आली तेव्हा फडकं तसंच कट्ट्यावर ठेवलं.

तिनं णमोकार म्हटला. तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात संपवला. मग म्हणाली, "आनि दे." दुसराही तसाच. तिसरा अर्धा झाला तेव्हा खाली ठेवला.

मेपासून ती दिवसाला एक तांब्या पीत होती रे. मला वाटायचं वय झालं, तहान कमी झाली. मी लांबून आणते म्हणून ती पुरवून पीत होती.

तोंड पुसल्यावर म्हणाली, "कागूद घे. जिनूला लिव." मी म्हटलं, काय लिहू? तिनं सांगितलं ते खाली लिहिते, तिच्याच शब्दांत. एक अक्षर बदललं नाही.

"चिरंजीव जिनूला आईचा आशीर्वाद. म्या बरी हाय. चंदन समदं बगती. पाऊस चांगला झालाय, हीर काठोकाठ भरलीया, पाणी पयल्यासारखं ग्वाड हाय. माज्या नेमाची काळजी करू नगं, समदं येवस्थित चाललंय. दिवाळीला ये. दुकान टाकून येऊ नगं, सवडीनं ये."

अंगठा तिचा आहे. माझी सही या कागदावर नाही.